टमी टकनंतर सातव्या दिवशी विमान?

टमी टक (पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढून पोट घट्ट करणं) आणि लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) परदेशात एकदमच करायचं, सोबत कोणी नाही, परतीचं विमान सातव्या दिवशी. जमेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. नुसतं लायपोसक्शन असतं तर साधारण 5 ते 7 दिवसांनी विमानात बसायला हरकत नसते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी किमान 10 दिवस थांबायला सांगते. किमान, हं! जखमेतलं पाणी बाहेर काढायला ड्रेनच्या नळ्या घातल्या असतील तर त्या पाझर कमी झाल्यावर निघतात, तुमच्या तिकिटावरची तारीख बघून नव्हे. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, मुक्काम दोन आठवड्यांचा धरा आणि वरच्या चार दिवसांचे पैसे हाताशी ठेवा. पॅकेजमध्ये हॉटेलच्या किती रात्री आहेत, त्यावर हे ठरवायचं नसतं.

मला टाक्यांपेक्षा भीती वाटते पायात रक्ताची गुठळी होण्याची. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो धोका वाढतो, चार तासांहून लांबच्या प्रवासातही वाढतो. तुम्ही दोन्ही पाठोपाठ करताय. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर सर्जनला आधीच सांगा. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर विमान सोडा आणि हॉस्पिटल गाठा.

एकटं जाऊ नका. सुरुवातीला कमरेत वाकून चालावं लागतं, अंथरुणातून उठायलाही कुणाचा तरी हात लागतो. बॅग उचलायचा तर प्रश्नच नाही. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, लाजू नका.

घरी आल्यावर जखम कोण बघणार, हे निघण्यापूर्वी नक्की करा. दुसऱ्याने केलेली केस हातात घ्यायला बरेच सर्जन कचरतात. ऑपरेशन नोट्स आणि डिस्चार्ज समरी वाचता येईल अशा भाषेत मागून घ्या. काही संसर्ग उशिरा डोकं वर काढतात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अशा शस्त्रक्रिया करून परतलेल्यांना एका जिवाणूचा, म्हणजे मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा संसर्ग झाल्याचं आढळलं होतं, आणि तो नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. म्हणून महिन्याभरानेही जखमेजवळ गाठ आली किंवा पू दिसला, तर शस्त्रक्रिया कुठे झाली ते डॉक्टरांना सांगा.

सिगारेटचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. ओढत असाल तर निदान चार आठवडे आधी बंद करा. टमी टकमध्ये पोटाच्या त्वचेचा रक्तपुरवठा तसाही कमी होतो, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आणखी आवळतात.