वायद्यावर बंदी आली की भाव उतरतात का?

प्रश्न : डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले. आमच्या बाजार समितीतले अडते म्हणतात, ‘वायदा म्हणजे सट्टा, बंद झाला ते बरेच झाले.’ अशी बंदी पूर्वीही आली होती का? आणि तिने भाव खरोखर आटोक्यात येतात का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वायदा म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला द्यायच्या-घ्यायच्या मालाचा भाव आजच बांधणारा सौदा. त्यावर अशी बंदी आपल्याकडे अनेकदा आली आहे आणि तिची सुरुवात मुंबईच्या कापूसबाजारात झाली. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाल्यावर कापसाच्या वायद्यांना संघटित रूप आले. गिरणीमालकाला काही महिन्यांनी लागणाऱ्या गाठींचा भाव आजच बांधून हवा असतो, तर व्यापाऱ्याला हातातल्या मालाचा भाव कोसळण्याची धास्ती असते. या दोघांची जोखीम अंगावर घेणारा तिसरा माणूस म्हणजे सटोडिया. त्याला कापूस नको असतो, भावातला फरक हवा असतो. पण तो बाजारात नसेल, तर पहिल्या दोघांना सौद्यासाठी समोरचा पक्ष सहजी मिळत नाही. तुमचे अडते म्हणतात ते इतपत खरे आहे की वायद्यात सट्टा असतोच. मात्र न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यावर पैज लावणे, ज्यातून पुढे मुंबईचा मटका उभा राहिला, हा निव्वळ जुगार होता. त्यात कोणाचीच जोखीम हलकी होत नव्हती.

सरकारने आधी नियमनाचाच मार्ग धरला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, कापसाच्या सौद्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्यात आली आणि १९२२ च्या मुंबई कायद्याने हा व्यापार ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन या एकाच संस्थेच्या नियमांखाली आणला. पुढे मात्र बंदीची सवय जडली. ठरावीक रक्कम आगाऊ देऊन ठरल्या भावाने खरेदीचा किंवा विक्रीचा हक्क राखून ठेवण्याचे ‘तेजी-मंदी’चे सौदे कापसापुरते १९३९ मध्ये मुंबईत बेकायदा ठरले. १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, भारत संरक्षण नियमांखाली कापसाचे आणि इतरही काही जिनसांचे वायदे थांबवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर ए. डी. श्रॉफ समितीच्या शिफारशींवरून १९५२ चा वायदे करार नियमन कायदा झाला आणि १९५३ मध्ये मुंबईत वायदेबाजार आयोग स्थापन झाला. कायद्याच्या नावात नियमन असले, तरी बंदी घालण्याचा अधिकारही त्यातच होता. साठच्या दशकातील दुष्काळ आणि महागाईत सरकारने तो मोकळ्या हाताने वापरला आणि बहुतेक जिनसांचे वायदे बंद झाले. त्यांची दारे पुन्हा पूर्ण उघडायला २००३ साल उजाडावे लागले.

तेव्हा उघडलेला बाजार चार वर्षेही निर्वेध चालला नाही. २००७ च्या आरंभी आधी तूर व उडीद आणि मग गहू व तांदूळ यांचे वायदे थांबले. वायद्यांमुळेच भाव चढले का, हे तपासण्यासाठी नेमलेल्या अभिजित सेन समितीला तसा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. माझ्या मते हा क्रमच उलटा होता : शिक्षा आधी आणि चौकशी नंतर.

आता सोयाबीनचे पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचले होते. त्याच महिन्यात केंद्र सरकारने जनुकीय सुधारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, त्यानंतर नवे पीकही बाजारात आले आणि भाव घसरले. शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, बिगर-बासमती भात आणि कच्चे पामतेल या सात जिनसांचे वायदे थांबवले ते डिसेंबरमध्ये, म्हणजे तुमच्या भागातला भाव बंदीआधीच उतरला होता. मूळ आदेश वर्षभराचा असला, तरी त्याची मुदत पुढे वारंवार वाढवण्यात आली. पेरणीच्या वेळी काढणीच्या महिन्याचा अंदाज देणारा एक जाहीर भाव मात्र त्यामुळे नाहीसा झाला. वायद्याला कधी हात न लावणारा शेतकरीही त्याकडे पाहत असे.

याचा अर्थ बाजाराला मोकळे सोडावे असा नाही. मालाची हजर खरेदी-विक्री करून देणाऱ्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या बाजाराला १९५२ च्या कायद्यातून एकदिवसीय सौद्यांपुरती सवलत मिळाली होती आणि तिच्या आडून तेथे महिनाभराच्या मुदतीचे सौदे चालले. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार ठप्प झाले, तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले आणि गोदामांत असल्याचे सांगितलेला बराच माल सापडलाच नाही. देखरेख करायची होती ती तिथे, गोदामाच्या दाराशी. या प्रकरणानंतर वायदेबाजार आयोगाचे दिवस भरले आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो सेबीत विलीन झाला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला तुरीइतके चोख उत्तर दुसरे नाही. तिचे वायदे २००७ पासून बंद होते, आणि २०१५ मध्ये तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांवर गेली.