खूप बोलणाऱ्याला ‘वाचाळ’ म्हटलं तर तो अपमान होतो का?

हो, होतो. आणि हे आजचं नाही. प्राचीन संस्कृत व्याकरणकार पाणिनीने ‘वाच्’ म्हणजे वाणी या शब्दापासून दोन वेगळ्या वाटा सांगितल्या आहेत: ‘वाग्मी’ म्हणजे उत्तम बोलणारा, ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’ म्हणजे नुसता खूप बोलणारा. पुढे वार्तिककाराने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवर पूरक टिपणं लिहिणाऱ्याने, त्यात निंदेचा अर्थ स्पष्ट केला. आपला ‘वाचाळ’ तिथूनच आला. म्हणून चांगल्या वक्त्याचं कौतुक करताना हा शब्द कृपया वापरू नका.

प्रेमाने म्हणायचं असेल तर ‘गप्पिष्ट’ म्हणा. लहान मुलासाठी ‘बडबड्या’ छान. ‘बोलघेवडा’ जपून वापरा, त्यात बोलणं फार, काम कमी अशी छटा आहे.

लांबण लावण्यासाठीचे शब्द मला जास्त आवडतात, कारण ते हातातल्या कामांतून आले. गुऱ्हाळात उसाचा रस तासन्‌तास आटतो, तशी न संपणारी चर्चा म्हणजे ‘चर्चेचं गुऱ्हाळ’. चऱ्हाट म्हणजे लांब दोर, म्हणून ‘चऱ्हाट वळणं’. टकळी म्हणजे सूत कातायची चाती. ती फिरतच राहते, म्हणून ‘तोंडाची टकळी’. आम्हा नागपूरकरांना हे समजायला सोपं, सेवाग्राम जवळच आहे, तिथे सूतकताई अजून बघायला मिळते.

नागपुरात मात्र मित्राला यातलं काहीच म्हणत नाहीत. सरळ विचारतात, “किती बोलून राहिला बे?” यात राग नसतो. पण हे बरोबरीच्यांतच, मोठ्यांना ‘बे’ चालत नाही.