डायब्लो २ मध्ये नेक्रोमॅन्सर घेणं हा खरंच आळशीपणा आहे का?

तुम्ही विचारलंय की ‘डायब्लो २ रिझरेक्टेड’ हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा खेळताना कोणता क्लास (पात्राचा प्रकार) घ्यावा, आणि ‘नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांचे सांगाडे उठवून त्यांना लढवणारा) आळशी लोकांचा’ हे मित्राचं म्हणणं खरं आहे का.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर पटकन देते. लवकर पुढे जायचं असेल, भटकून सामान गोळा करायचं असेल तर सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण. १८ व्या लेव्हलला टेलिपोर्ट (क्षणात दुसऱ्या जागी जाणं) मिळतं आणि मग नकाशाला भिंतीच उरत नाहीत. फक्त एकाच एलिमेंटवर (आग, बर्फ किंवा वीज) सगळे पॉइंट घातलेत तर हेलमध्ये, म्हणजे सर्वांत अवघड पातळीवर, त्याचा काहीच परिणाम न होणारे इम्युन राक्षस भेटतील, तेव्हा रडायचं नाही. डोकं शांत ठेवून सगळीकडे चालणारं काही हवं असेल तर ब्लेस्ड हॅमरवाला (जादूचा हातोडा फेकणारा) पॅलाडिन. अमेझॉन, असॅसिन, ड्रुइड मी फार खेळले नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलत नाही.

आता दुसरा अर्धा. नाही. खरं नाही. आणि हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतकी वर्षं ऐकलंय, की आज सविस्तर लिहिणार आहे.

दादाचं मत असं की जो स्वतः जाऊन मार खातो आणि मार देतो तोच खेळतो. तो कायम बार्बेरियन. मी कायम नेक्रो. “तू खेळत नाहीस, तुझे सांगाडे खेळतात,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. २००६ मध्ये आम्ही दोन कॉम्प्युटर केबलने जोडून हार्डकोअर खेळत होतो, म्हणजे एकदा मेलं की कॅरेक्टर संपलं, परत उठणं नाही. चार महिने खपून दोघंही हेलच्या चौथ्या अ‍ॅक्टपर्यंत आलो होतो. त्याचा बार्ब व्हर्लविंडवाला, म्हणजे गरगर फिरत मारणारा. बॅटल ऑर्डर्स (लाइफ वाढवणारी आरोळी) दिल्यावर त्याचं लाइफ तीन हजारांच्या आसपास जायचं. माझं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण लोक हे विसरतात: व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटमागे बार्बेरियनला ४ लाइफ मिळतं, नेक्रोमॅन्सरला २. दादा सात-आठ फटके खाऊन औषध प्यायचा. मला दुसरा फटका बसला असता तर तिथेच खेळ आटोपला असता.

त्याच अ‍ॅक्टमधल्या केऑस सँक्च्युअरीत शिरलो. तेव्हा तिथल्या ऑब्लिव्हियन नाइट्स या राक्षसांकडे आयर्न मेडन नावाचा कर्स (शाप) असायचा. हा कर्स डोक्यावर असताना तुम्ही जवळून जेवढं माराल, त्याच्या कितीतरी पट तुमच्यावरच उलटतं. व्हर्लविंडवाल्याला यापेक्षा वाईट काही नाही, कारण फिरणं एकदा सुरू झालं की ठरलेल्या जागी पोहोचेपर्यंत थांबवता येत नाही. आयर्न मेडन हा मुळात नेक्रोमॅन्सरचाच कर्स आहे. १२ व्या लेव्हलपासून तो माझ्याच स्किलच्या झाडावर (यादीत) होता. त्यामुळे तो काय करतो हे मला पाठ होतं. दादाला नव्हतं, कारण त्याने नेक्रोचं स्किल पान कधी उघडून पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, “दादा, दोन सेकंद थांब. आधी डिम व्हिजन टाकते.” डिम व्हिजन सहाव्या लेव्हलचा साधा कर्स. तो पडला की राक्षसाला जवळचं सोडून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लांबून कर्सही फेकता येत नाही. त्या जागेसाठी याहून चांगला उपाय मला तरी माहीत नव्हता.

दादा म्हणाला, “आंधळ्यांना मारण्यात काय मजा?” आणि गेला.

पहिल्या घोळक्यात काही झालं नाही. दुसऱ्या घोळक्यात फिरत शिरला, त्याच्या डोक्यावर खूण उमटलेली मी पाहिली, “थांब” म्हणेपर्यंत लाइफ दाखवणारा लाल गोळा रिकामा झाला होता. राक्षसांनी त्याला मारलं नाही, तो स्वतःच्या दोन तलवारींनी मेला. त्याच्या पाठोपाठ माझेही चार सांगाडे गेले, कारण कर्स त्यांच्यावरही पडला होता.

मग मी तेच केलं जे करायला दोन सेकंद मागितले होते. मागे सरले, डिम व्हिजन टाकला, उरलेले सांगाडे आत सोडले. एकही कर्स आला नाही. पहिला नाइट पडला, त्याच्यावर कॉर्प्स एक्स्प्लोजन (प्रेत फोडून आजूबाजूच्यांना मारणं), मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. खोली रिकामी. दादा शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. त्याच्या प्रेताजवळून मी एकेक वस्तू उचलली, लूटची परवानगी त्याने आधीच देऊन ठेवली होती. ते उचलताना मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. चार महिने त्याचेही होते.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझं बरंय. तुझे मेले तरी नवीन निघतात.”

हे वाक्य मला मरण्यापेक्षा जास्त लागलं. मला काय म्हणायचं होतं ते तेव्हा सुचलं नाही, ते इथे म्हणते. सांगाडे मरतात म्हणून नेक्रोचं काम सोपं होत नाही. बार्बेरियनला समोरचा एक राक्षस दिसला तरी चालतं. नेक्रोला सगळा पडदा बघावा लागतो: प्रेतं कुठे पडलीत, कोणावर अ‍ॅम्प्लिफाय डॅमेज (जास्त मार बसवणारा कर्स) हवाय, कोणावर डिक्रेपिफाय (मंद आणि दुबळं करणारा), कोणाला आंधळं करायचं, गोलेम (जादूने उभा केलेला पुतळा) कुठल्या दारात उभा करायचा. राक्षसावर एका वेळी एकच कर्स राहतो, नवा टाकला की जुना जातो. प्रत्येक वेळी निवडावं लागतं, आणि चुकलं तर तुमच्या आणि मरणाच्या मधे कोणी नसतं. याला आळस म्हणणारा माणूस नॉर्मलच्या, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीच्या, पुढे नेक्रो घेऊन गेलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगते. नॉर्मलमध्ये सांगाडे आपले आपण मारतात हे खरं आहे, आणि सगळी बदनामी तिथूनच सुरू होते.

तुम्ही नेक्रो घेणार असाल तर रेझ स्केलेटन आणि स्केलेटन मास्टरी दोन्ही पूर्ण भरा, कर्समध्ये एकेक पॉइंट पुरतो. भाडोत्री सैनिक दुसऱ्या अ‍ॅक्टचा घ्या, नाइटमेअरमध्ये (मधल्या पातळीवर) मिळणारा ऑफेन्सिव्ह. त्याचा माइट ऑरा (आजूबाजूच्या साथीदारांचा मार वाढवणारा प्रभाव) सांगाड्यांनाही लागतो. दुसऱ्या अ‍ॅक्टच्या शेवटी ड्युरिएल हा बॉस तुम्हाला एका लहानशा खोलीत गाठेल आणि सांगाडे पटापट संपवेल. तिथे क्ले गोलेम पुन्हा पुन्हा उभा करत राहा, त्याचा फटका लागला की ड्युरिएल मंदावतो. भारी सामान नसलं तरी हा क्लास हेलपर्यंत जातो, नवख्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

एक सांगायचं राहिलं. ऑब्लिव्हियन नाइट्सचा आयर्न मेडन २०१० च्या १.१३ पॅचमध्ये (गेमच्या सुधारित आवृत्तीत) काढून टाकला, त्यामुळे तुमचा किंवा तुमच्या मित्राचा असा मृत्यू आता होणार नाही. त्याच पॅचपासून अकारा या पात्राकडून पॉइंट परत घेऊन नव्याने वाटता येतात, म्हणजे पॉइंट वाटण्यातली चूक पूर्वीसारखी कायमची राहत नाही. आणि डिम व्हिजन बॉसवर चालत नाही, त्याच्या भरवशावर मेफिस्टोसारख्या बॉससमोर उभे राहू नका. बार्बेरियन वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मात्र त्याला शस्त्र चांगलं लागतं, आणि पहिल्याच खेळात ते मिळेलच असं नाही.

दादा आता रिझरेक्टेड खेळतो. पुन्हा बार्बेरियनच. गेल्या महिन्यात त्याने मला बोलावलं तेव्हा केऑस सँक्च्युअरीच्या दारात पोहोचल्यावर तो आपणहून थांबला. आता तिथे थांबायची गरज नाही हे त्यालाही माहीत आहे. मी डिम व्हिजन टाकला, मग तो आत गेला.