एकाच यंत्रावर अनेक मापांच्या पर्लिन

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे रोल फॉर्मिंगचे (रोलच्या जोड्यांमधून पत्रा टप्प्याटप्प्याने वाकवण्याचे) छोटे युनिट असून तेथे जिनिंग आणि गोदामांच्या शेडसाठी सी पर्लिन, म्हणजे छताला आधार देणाऱ्या C आकाराच्या आडव्या पट्ट्या, तयार होतात. अलीकडे सौर प्रकल्पांच्या स्ट्रक्चरसाठी थोड्या नगांच्या, पण निरनिराळ्या मापांच्या ऑर्डरी येतात आणि माप बदलताना रोल व स्पेसर (रोलमधले अंतर राखणाऱ्या कड्या) काढून पुन्हा बसवण्यात अख्खी पाळी जाते. दुसरे यंत्र घ्यावे का? शिवाय जास्त ताकदीचा पत्रा वापरू लागल्यापासून कोन उघडे राहतात. त्यावर उपाय काय?

उत्तर : दुसऱ्या यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 200 × 60 × 20 मिमी मापाची (मधला सपाट भाग, बाजूचा फ्लँज आणि आत वळलेली कड), 2 मिमी जाडीची सी पर्लिन घ्या. वाकाची आतली त्रिज्या 2 मिमी धरल्यास तिला साधारण 345 मिमी रुंदीची पट्टी लागते. तीच पर्लिन 250 मिमीची करायची झाल्यास पट्टी 395 मिमी होते. परंतु चारही वाक आणि प्रत्येक स्टँडवर (रोलच्या एका जोडीच्या टप्प्यावर) पत्रा किती अंशांनी वळायचा तो क्रम तसाच राहतो. बदलते ती फक्त मधल्या सपाट भागाची रुंदी. त्यामुळे प्रत्येक स्टँडचे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र भाग करून ते स्क्रूने किंवा सर्वो मोटरने सरकते ठेवले, तर शाफ्ट न उघडता माप बदलता येते. जाडी बदलताना वरच्या-खालच्या रोलमधल्या उभ्या फटीबरोबर फ्लँजपाशी असलेली आडवी फटही जुळवावी लागते. ती राहून गेली तर जस्ताचा थर खरवडला जातो.

या रचनेत शाफ्टला एकाच बाजूने आधार असल्यामुळे जाड पत्र्याखाली तो लवण्याची भीती असते, म्हणून आपल्या सर्वांत जाड आणि सर्वांत ताकदीच्या पत्र्यावर चाचणी घेतल्याशिवाय सौदा पक्का करू नये. कापणीची डायही सर्व मापांना चालणारी हवी. नाहीतर स्टँडवर वाचलेला वेळ तेथेच खर्च होईल. झेड पर्लिनमध्ये एक फ्लँज उलट्या दिशेने वळतो, तेव्हा ती सोय सुरुवातीलाच मागून घ्यावी. पूर्ण वेगळ्या आकारासाठी मात्र रोलसकट उचलून बदलता येणारी कॅसेटच बरी.

पत्रा चालू असतानाच रोल सरकवून एकाच नगाची रुंदी लांबीनुसार बदलण्याचे तंत्रही आहे. जर्मनीतील डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठात त्यावर मोठे काम झाले आहे. त्यात पत्र्याची कड काही ठिकाणी ताणावी आणि काही ठिकाणी आकसवावी लागत असल्याने नियंत्रण अवघड होते, आणि एकसारख्या रुंदीच्या पर्लिनसाठी त्याची गरजही नाही.

कोन उघडतात, कारण 250 ऐवजी 350 मेगापास्कल नमनबलाचा (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकू लागतो, त्याचा) पत्रा वाकवल्यानंतर अधिक मागे येतो. दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) मात्र जवळपास सारखाच, सुमारे 2 लाख मेगापास्कल असतो. शेवटच्या स्टँडनंतर कोन जुळवता येणारे बाजूचे रोल बसवून पत्रा थोडा जास्त वळवावा आणि प्रत्येक नव्या कॉइलच्या पहिल्या नगावर तो कोन पुन्हा जुळवावा. मोजमाप नगाच्या मध्यभागी घ्यावे, कारण कापल्यावर अंतर्गत ताण मोकळे होऊन टोके वेगळी उघडतात.