फेनिटॉइनची राहून गेलेली मात्रा

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. पक्षाघातानंतर त्यांना आकडी येऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज रात्री घ्यायला सांगितल्या. आठ महिने आकडी आलेली नाही. गेल्या महिन्यात लग्नासाठी गावी गेलो असताना एका रात्रीच्या गोळ्या राहिल्या, म्हणून आईने दुसऱ्या रात्री सहा गोळ्या एकदम दिल्या. पुढे दोन दिवस त्यांचा तोल जात होता. आता दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या चालतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : राहिलेली बाकी भरून काढावी, या काळजीपोटी आईंनी सहा गोळ्या दिल्या असतील, परंतु फेनिटॉइनला हा हिशेब लागू पडत नाही. या औषधाचे विघटन यकृतात होते आणि यकृताच्या त्या कामाला मर्यादा असते. ती मर्यादा गाठली गेली की मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील पातळी तेवढ्याच प्रमाणात न वाढता एकदम चढते. दर मिलिलिटर रक्तात साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम ही उपयुक्त पातळी मानतात. पातळी त्याच्या वर गेल्यास बुबुळे थरथरतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, जीभ जड होते आणि झोकांड्या जातात. वडिलांचा तोल बहुधा यामुळेच गेला असावा. पक्षाघात झालेला माणूस पडून हाड मोडण्याचा धोका लक्षात घेता, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला हवा होता.

एखादी मात्रा राहिल्याचे लवकर लक्षात आले तर ती लगेच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि नेहमीचीच मात्रा घ्यावी. दोन-तीन दिवस खंड पडला असेल, तर मात्र घरी काहीही न ठरवता डॉक्टरांना विचारावे. ‘आठ महिने बरे आहेत’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे याहूनही धोक्याचे आहे, कारण औषध अचानक थांबल्यास एकामागून एक, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणून ती दर रविवारी भरली, तर ‘दिली की नाही’ हा घरातला वाद मिटतो. प्रवासात ती डबी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.

कंपनी बदलली तरी औषध तेच असते. परंतु उपयुक्त आणि घातक पातळींत अंतर कमी असल्याने शोषणातला लहानसा फरकही जाणवू शकतो. शक्यतो पूर्वीचीच गोळी मागवावी. ती मिळत नसेल तर डॉक्टरांना कळवून नवी सुरू करावी आणि गरज वाटल्यास ते रक्तातील पातळी तपासून घेतील. आम्लपित्ताचे पातळ औषध आणि फेनिटॉइन यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनची पातळी वाढू शकते, म्हणून कोणतेही नवे औषध सुरू होताना फेनिटॉइनचा उल्लेख आवर्जून करावा.

अंगावर पुरळ उठून ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, तर कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवता, तोंडात काहीही न घालता, त्यांना कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.