पाऊस लागला की माझ्या छोट्या लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर सारखा क्रॅश होतो. लॅपटॉप बदलावा का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही देवगडहून लिहिलंय की ११ इंची लॅपटॉपचं वायफाय १०-१५ मिनिटांत गायब होतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) पिवळा त्रिकोण आणि 'कोड ४३' दिसतो आणि ड्रायव्हर चार वेळा नव्याने टाकूनही तेच. हर्णैला आमच्या घरी मी दोन पावसाळे हेच भोगलंय. दुकानदार तर मदरबोर्ड गेला म्हणून मोकळा झाला होता.

कोड ४३ म्हणजे वायफायच्या कार्डात गडबड असल्याचा निरोप विंडोजला मिळाला आणि विंडोजने कार्ड बंद केलं. निरोप आणणारा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम. तो कधी स्वतःच गोंधळलेला असतो, कधी खरं तेच सांगत असतो. कुठलं ते आधी बघा. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घ्या, त्यावरून लॅपटॉप चालू करा, इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय' निवडा आणि अर्धा-पाऊण तास वायफाय वापरा. तिथला ड्रायव्हर पूर्ण वेगळा असतो. तिथेही वायफाय उडालं, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा नाही, पाचव्यांदा ड्रायव्हर उतरवण्यात डेटा घालवू नका.

उबुंटूत नीट चाललं तर सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी असते, ती टिक काढा. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आणि हो, शट डाउन करून परत चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्रायव्हर जसा होता तसाच डिस्कवरून परत येतो. रिस्टार्टच करा.

माझं उबुंटूतही उडालं. मग मागचं झाकण उघडलं. कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं, २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं. बाहेर काढून उजेडात धरलं तर स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी दातांवर मळकट हिरवट थर! माझं टेबल समुद्राकडच्या खिडकीशी, जिचे गज दरवर्षी रंगवावे लागतात. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ आत बसतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी धरतं. पावसात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तेच. तुमचं दुखणं पावसातच उठतं म्हणून मला हा संशय.

उघडायचं असेल तर चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच कार्डाला हात लावा. वरच्या काळ्या-पांढऱ्या दोन तारांचा आधी फोटो काढा. तारा ओढायच्या नाहीत, टोकाची टिकली नखाने सरळ वर उचलायची. स्क्रू निघाला की कार्ड आपसूक तिरकं वर येतं. मुलांच्या कंपासमधल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने दात अगदी हलक्या हाताने पुसा, लॅपटॉपपासून लांब बसून, कारण चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा, सुकू द्या, परत बसवा. टिकल्या बसताना बारीक 'टक्' जाणवतं. ते जाणवलं नाही तर अँटेना बसलेली नाही, सिग्नल एका कांडीवर येईल.

माझं त्यानंतर सुधारलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा रबर फिरवावं लागलं, तेव्हा टेबलच आतल्या खोलीत नेलं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवायच्या फंदात पडू नका, पिठूळ धूळ तेवढी आत जाते.

काही छोट्या लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. तसं निघालं तर यूएसबीचं वायफाय डोंगल लावा आणि जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. तुमचं मॉडेल कुठलं ते लिहिलंत तर उघडण्याआधीच बघून सांगतो.