चष्मा आहे म्हणून रायफल खाली ठेवायची?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. दादरला सावरकर स्मारकाच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते. चष्म्याचा नंबर उणे ४.५, शिवाय सिलिंड्रिकल (तिरका नंबर). हल्ली नेम धरताना धुरकट दिसतं म्हणते. मिस्टरांचे मित्र सांगतात, रायफलवर दुर्बीण बसवून घ्या. तिने यात पुढे जावं का? – एक आई, लालबाग

ताई, दुर्बिणीचे पैसे आधी वाचवा. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्कोप, म्हणजे ही दुर्बीण, चालतच नाही. हौशी लोक स्प्रिंगच्या एअर गनवर तो बसवतात. पण तिचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो आणि साधा स्कोप त्यात खिळखिळा होतो. शिवाय लांब पल्ल्यासाठी जुळवलेल्या स्कोपमधून १० मीटरवरचं धूसरच दिसतं.

आधी नेत्रतज्ज्ञांकडून नंबर तपासा. सिलिंड्रिकल दर खेपेला वाढत असेल तर कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) तपासणीही करून घ्या, या वयात ती टाळू नये.

नंबर ठीक निघाला तर माझा संशय चष्म्याच्या बसण्यावर आहे. रायफल गालाला लावली की मान झुकते आणि डोळा काचेच्या मध्यातून न बघता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. तुमच्या लेकीच्या नंबरला तिथे चित्र विस्कटणारच. त्यात आपल्याकडचा घाम, चष्मा घसरतो तो वेगळाच. नेमबाजांसाठी खास फ्रेम मिळते. तिची गोल काच वर-खाली, आडवी, तिरकी सरकवून बरोबर डोळ्यासमोर आणता येते. स्वस्त नसते, रेंजवरच्या एखाद्या सीनियरची आधी लावून बघू द्या.

काच बनवताना ऑप्टोमेट्रिस्टला (नंबर काढणाऱ्या तज्ज्ञाला) नुसतं ‘लांबचं स्पष्ट हवं’ असं सांगू नका. नेमबाजाला नळीच्या टोकाच्या फोरसाइटची (नेम धरायच्या पुढच्या खुणेची) रिंग लख्ख दिसायला हवी, टार्गेटचा काळा गोल किंचित मऊ दिसला तरी चालतो. म्हणून उणे नंबर जरासा कमी ठेवून बघतात. पोझिशन घेतल्यावर डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या, बाजूने काढलेला एक फोटोही न्या. (रायफलच घेऊन चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, दुकान रिकामं होईल!) डोळ्याजवळच्या मागच्या साइटला आयरिस (छिद्र लहान-मोठं करणारी चकती) लावून छिद्र लहान केलं की कडा स्पष्ट होतात, फारच लहान केलं की अंधारतं. दुसरा डोळा मिटू नये, त्यापुढे पांढरट ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावावा.

आता करिअर. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने साधा चष्मा घालून एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. तेव्हा चष्मा हे खेळ सोडण्याचं कारण नाही. नोकरीचं गणित मात्र वेगळं. त्याच ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणारा आपला स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत होता, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कोट्यातून निवड झाली तरी वैद्यकीय तपासणी चुकत नाही, आणि गणवेशाच्या नोकऱ्यांत नजरेचे निकष कडक असतात. त्यामुळे पोलीस किंवा सैन्य डोक्यात असेल तर त्या पदाचे निकष आत्ताच वाचून ठेवा.

सायन्स आहे, तर बी. ऑप्टोम.चाही, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट होण्याच्या पदवीचाही, विचार करा. त्यात इंटर्नशिपही असते, आणि नेमबाजाच्या डोळ्याची अडचण आतून कळणारे ऑप्टोमेट्रिस्ट आपल्याकडे थोडेच आहेत.